पाना फिरला तिथंच कान लाव

बाळ, पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत दिवसभर मायक्रॉन मोजायचे आणि सुट्टीला ॲम्बेसेडरखाली शिरायचं, हा तुझा नाद मला पसंत आहे. पण नवा कार्बोरेटर बसवल्यावर इंजिन आवाज करायला लागलं, म्हणून लगेच हेड उतरवायला निघू नकोस. काल आवाज नव्हता, आज आहे आणि मधे फक्त तुझा पाना फिरलाय. मग आधी तिथंच बघायचं.

स्टार्ट करताच लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा ठोका आला, तर पहिल्यांदा चावी बंद. रेस देऊन 'बघू जातोय का' म्हणायचं नाही. उघड्या मॅनिफोल्डमध्ये वॉशर किंवा नट पडला की तो थेट सिलिंडरात जातो. प्लग काढून बघ, एखाद्याचं टोक चेपलेलं असेल तर चोर सापडला. पुढच्या वेळी कार्बोरेटर उतरवला की त्या भोकात आधी स्वच्छ कापडाचा बोळा कोंबत जा.

फुस्स असा आवाज म्हणजे कुठूनतरी हवा ओढली जातेय. डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी लावलीस ना? लावली असेल तर रबरी नळीचं एक टोक कानाला धर, दुसरं कार्बोरेटरखालच्या पॅकिंगच्या कडेनं फिरव. मग तिथं साबणाचं पाणी सोड. आवाज बदलला तर गळती तिथंच. पेट्रोल मारून बघणारे शहाणे भेटतील, त्यांच्या नादाला लागू नकोस. नवीन पॅकिंग टाकूनही हवा ओढत असेल, तर कार्बोरेटरची बैठक वाकडी असणार. बोल्ट जोरात आवळले की ती हमखास वाकते. तुमच्या शॉपमध्ये सरफेस प्लेट आहे, मार्किंग ब्लू आहे. साहेबांना विचार आणि घासून बघ. मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांना एवढी सोय दारात नसते!

टिकटिक आली की सगळे टॅपेटला दोष देतात. पण या 1489 सीसी इंजिनाला इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, गास्केटही जोडीचं. मॅनिफोल्ड हलवला असशील तर एक्झॉस्ट फुटून तस्साच आवाज येतो. इन्सुलेटेड पक्कडीनं एकेक प्लगची वायर क्षणभर काढ. आवाज जराही हलला नाही तर टॅपेट बघ. दबला तर त्या सिलिंडरची एक्झॉस्ट गळती किंवा बेअरिंग. आणि हो, एअर क्लीनर न लावता गाडी चालू केली असशील तर ती घोरणारच. तो रोग नव्हे.

रेस देताना कार्बोरेटरातून फट् आलं तर मिक्श्चर लीन आहे किंवा ॲक्सिलरेटर पंप धार टाकत नाही. प्लग पांढरा दिसला की समज. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असेल, पण जुन्या जेटवर ते लीन पडतं आणि जुने रबरी पाइप खातं.

शेवटी ऑइलची पट्टी काढून वास घे. पेट्रोलचा वास आला तर बहुधा नीडल व्हॉल्व्ह गळतोय, ऑइल पातळ झालंय आणि बेअरिंग आता खरोखरच मार खाईल. ऑइल बदलल्याशिवाय गाडी हायवेला काढायची नाही.

एवढं सगळं करूनही ठोका राहिला, तर माझ्याकडे घेऊन ये. मग हेडचं बोलू.