आपण कोणते इंग्रजी बोलतो?

(तृतीय वर्ष कला)

बाळकुम नाक्यावर सकाळी ठाणे स्टेशनची शेअर रिक्षा पकडली की वाटेत तीन-चार तऱ्हांचे इंग्रजी कानी पडते. गावठाणातले काका 'लायसन', 'पासिंग', 'टायमिंग' हे शब्द पेरीत रिक्षाचालकाशी वाद घालत असतात. कोलशेत रस्त्याकडच्या उंच इमारतींतून आलेला तरुण मोबाइलवर 'र' घोळवीत कचेरीतल्या कोणाशी तरी बोलत असतो. गणवेशातली मुलगी आईला इंग्रजी धडा म्हणून दाखवते. आणि या सर्वांमध्ये बसलेली माझ्यासारखी कला शाखेची विद्यार्थिनी इंग्रजी वाचते, लिहिते, पण बोलत मात्र नाही.

ती का बोलत नाही, हा प्रश्न या लेखाच्या मुळाशी आहे. अकरावीला मी दुसऱ्या एका महाविद्यालयात होते. तेथे वर्गात उभी राहून उत्तर वाचताना 'डेव्हलप' हा शब्द मी पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटला आणि मागच्या बाकांवर हसू फुटले. 'बाळकुम इंग्लिश!' असेही कोणी तरी म्हणाले. माझे काय चुकले हे मात्र कोणीच सांगितले नाही. त्या वर्षी मी वर्गात पुन्हा उभी राहिले नाही. पुढे ध्वनिशास्त्राचा थोडा अभ्यास झाल्यावर कळले की माझे खरोखरच काही तरी चुकले होते; पण हसणारे ज्याला हसले, ते ते नव्हते. या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

'शुद्ध' इंग्रजी कोणाचे?

आपल्या मनात 'शुद्ध इंग्रजी उच्चार' म्हणून जे चित्र असते, ते बहुधा जुन्या बी.बी.सी.वरील निवेदकाचे असते. डॅनिएल जोन्स यांनी १९१७ साली इंग्रजी उच्चारांचा प्रसिद्ध कोश काढला. त्यात नोंदविलेले उच्चार सगळ्या इंग्लंडचे नव्हते. दक्षिण इंग्लंडमधील ज्या कुटुंबांतील मुले मोठ्या खाजगी निवासी शाळांत शिकत, त्यांच्या बोलण्यावरून ते घेतले होते. ब्रिटनमध्ये हे उच्चार करणारे लोक सुमारे ३ टक्केच असावेत, असा अंदाज पीटर ट्रडगिल या भाषाशास्त्रज्ञांनी १९७४ साली केला. उरलेल्या ब्रिटनमध्ये लिव्हरपूलचा माणूस वेगळे बोलतो, ग्लासगोचा वेगळे आणि यॉर्कशरचा आणखी वेगळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बी.बी.सी.ने विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशरच्या माणसाला राष्ट्रीय बातम्या वाचायला बसविले, तेव्हा तो इंग्रज असूनही पुष्कळ श्रोत्यांना त्याचा उच्चार रुचला नाही.

याचा अर्थ असा की, प्रमाण मानलेला उच्चार हा एका वर्गाचा उच्चार होता. तो ऐकायला स्वच्छ असेल, पण त्याला मान मिळाला तो ज्यांच्या तोंडी होता त्यांच्या प्रतिष्ठेमुळे.

मराठी मुखातले इंग्रजी

आता आपल्याकडे वळू. मराठी माणसाचे इंग्रजी हा चुकांचा ढिगारा नाही. त्याला मराठीच्या ध्वनिव्यवस्थेने घालून दिलेले नियम आहेत. इंग्रजीतील 'ट' आणि 'ड' जिभेचे टोक दातांच्या मागच्या हिरडीला लावून उच्चारतात. ती जागा आपल्या 'त' आणि 'ट' यांच्या मधली आहे. आपण त्यांना 'ट-ड'च्या घरात बसविले, म्हणून 'टेबल' आणि 'डॉक्टर' झाले. 'थँक्स' या शब्दातील पहिला ध्वनी जीभ दातांत धरून काढायचा असतो. आपण तेथे 'थ' योजला.

काही बाबतींत मराठीने आपल्याला मदतही केली आहे. 'स्त्री', 'स्नान', 'स्पष्ट' असे शब्द आपण सहज म्हणतो, म्हणून उत्तरेकडे ऐकू येणारे 'इस्कूल' आपल्याकडे सहसा ऐकू येत नाही. 'जन्म' आणि 'जग' यांतले दोन 'ज' आपण वेगळे उच्चारतो, त्यामुळे 'झिरो' आणि 'साइझ' यांतला ध्वनी आपल्याला परका वाटत नाही. 'बॅट' आणि 'हॉल' यांतल्या स्वरांसाठी आपण देवनागरीवर अर्धचंद्र चढविला. 'टीव्ही', 'व्हॅन' येथे 'व्ह' आणि 'वायर', 'वॉर्ड' येथे 'व' असा भेद मराठी लेखनात नेमाने पाळला जातो. बोलताना मात्र घाईत तो हरवतो आणि 'व्हेस्ट' व 'वेस्ट' एकच होऊन बसतात. आपली लेखणी जे जाणते, ते जिभेला शिकवणे एवढेच येथे काम आहे.

जिभेपेक्षा मोठी अडचण डोळ्यांची आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्यांनी इंग्रजी गिरविले. त्यांचे व्याकरण पक्के झाले, पण भाषा कानांनी आली नाही, कागदावरून आली. देवनागरीत जसे लिहिलेले तसे वाचायचे, ही आपली सवय. म्हणून इंग्रजीतील न उच्चारायची अक्षरेही आपण इमानाने उच्चारतो. मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले, तरी बहुतेक वर्गांत ते अजून फळ्यावरूनच शिकवले जाते.

गाडी, गारी आणि खडकी

बाळकुम हे खाडीकाठचे गाव. येथली जुनी माणसे आगरी बोलतात. माझी आजी 'पाणी' न म्हणता 'पानी' म्हणते, 'गाडी'ला 'गारी' म्हणते आणि गावाचे नावही 'बालकुम' असे घेते. शहरी वर्गात या बोलीला हसू मिळते. पण गंमत अशी की, ज्या 'ण' आणि 'ळ' यांच्या अभावाबद्दल आगरी माणसाला हसतात, ते दोन्ही ध्वनी इंग्रजीतही नाहीत! म्हणजे ज्या कारणाने मराठीच्या तासाला हसे होते, त्याने इंग्रजीच्या तासाला काडीचेही बिघडत नाही.

'ड'चा 'र' होण्याची कथा तर याहून मोठी आहे. आपला 'गाडी'तला 'ड' उच्चारताना जीभ टाळूला निसटता स्पर्श करून येते, त्यामुळे तो 'र'च्या फार जवळ जातो. इंग्रजांच्या कानांना तो 'र'च वाटला. पुण्याजवळच्या 'खडकी'चे त्यांनी 'किरकी' केले, आणि १८१७ सालची लढाई त्यांच्या इतिहासात त्याच नावाने नोंदली गेली. 'ठाणे' उच्चारायला त्यांच्याजवळ ना 'ठ' होता ना 'ण'. जुन्या कागदांत त्याचे 'टाना' झाले. तिसरे उदाहरण अमेरिकेचे. तेथे 'वॉटर', 'लॅडर' अशा शब्दांत दोन स्वरांमध्ये सापडलेले 'ट' आणि 'ड' जिभेच्या एका झटक्यात उच्चारले जातात, आणि आपल्या कानांना ते 'र'सारखेच लागतात.

तेव्हा जिभेची ही हालचाल तिन्ही ठिकाणी जवळजवळ एकच आहे. आजीने केली तर ती गावंढळ, इंग्रज साहेबाने केली तर गावाचे सरकारी नाव, आणि अमेरिकन माणसाने केली तर ती ऐट! हसू ध्वनीला येत नाही, बोलणाऱ्याच्या पायरीला येते, हे यावरून ध्यानात यावे.

ही गोष्ट आपल्या रंगभूमीला ठाऊक आहे. बर्नार्ड शॉ यांच्या १९१३ सालच्या 'पिग्मॅलियन' नाटकात लंडनच्या फुलवालीचे उच्चार सुधारून तिला उच्चभ्रू समाजात मिरवले जाते. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली त्याचे 'ती फुलराणी' केले, तेव्हा प्रश्न इंग्रजी उच्चारांचा राहिला नाही, मराठीचाच झाला. लंडनचा प्रश्न मराठीत इतका सहज मुरला, कारण तो मुळात आपल्या घरातलाही होता.

मग चुकते कोठे?

येथवर वाचून कोणी म्हणेल, 'मग कसेही बोलावे!' तसे मात्र नाही. भाषा दुसऱ्याला कळण्यासाठी असते. भारतीयांचे इंग्रजी इतरांना कितपत कळते, याचा अभ्यास आर. के. बन्सल यांनी केला आणि हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेने तो १९६९ साली प्रसिद्ध केला. ब्रिटिश श्रोत्यांना भारतीय वक्त्यांचे बोलणे सरासरीने सुमारे ७० टक्के समजले, असे त्यांना आढळले. न समजण्याच्या कारणांत शब्दातील आघात भलत्या अक्षरावर पडणे हे एक प्रमुख कारण होते.

मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, म्हणून आपला कान त्याकडे लक्ष देत नाही. इंग्रजीत मात्र आघात हा शब्दाचा कणा आहे. 'रेकॉर्ड' शब्दात पहिल्या अवयवावर जोर दिला तर ते नाम होते, दुसऱ्यावर दिला तर क्रियापद. 'फोटोग्राफ' शब्दात जोर पहिल्या अवयवावर असतो. छायाचित्रकार म्हणताना तो दुसऱ्यावर सरकतो आणि उच्चार 'फटॉग्रफर' असा होतो. विशेषण करताना तो 'ग्रॅ'वर जातो. आणि 'डेव्हलप'चा आघात दुसऱ्या अवयवावर, 'व्हे'वर आहे. माझी चूक ती होती! दोन मिनिटांत दुरुस्त होणारी चूक मी वर्षभर मौनाने झाकून ठेवली.

दुसरी लहानशी गोष्ट श्वासाची. शब्दारंभीचे 'प', 'ट', 'क' इंग्रज माणूस थोडी हवा सोडून उच्चारतो. आपण ती सोडत नाही, त्यामुळे आपला 'पिन' त्याला कधी 'बिन' ऐकू येतो. तोंडासमोर कागदाचा कपटा धरून हा सराव कोणालाही घरी करता येईल. मात्र 'ट'चा मराठी उच्चार बदलण्यासाठी धडपडण्याची तितकी गरज नाही. त्याने बोलणाऱ्याचे गाव कळते, अर्थ सहसा बिघडत नाही.

पोटापाण्याचा प्रश्न

या विषयाला रोजगाराचीही बाजू आहे. २००० सालानंतर मुंबई-ठाणे परिसरात परदेशी ग्राहकांशी टेलिफोनवर बोलण्याच्या नोकऱ्या आल्या आणि उच्चारातून प्रांत पुसून टाकण्याचे वर्ग निघाले. काही ठिकाणी मुलांनी रात्रपाळीपुरते परदेशी नावही घेतले. आता तर बोलणाऱ्याचा उच्चार बोलता बोलताच बदलून पलीकडे पोहोचवणारी संगणकप्रणाली आली आहे. उच्चार पुसण्याचे काम यंत्र करू लागले, तर माणसाकडे उरेल ते नेमके सांगण्याचे काम. त्यासाठी विचार हवा, शब्दसंपत्ती हवी आणि तोंड उघडण्याचे धैर्य हवे.

ब्रज काचरू या काश्मिरी भाषाशास्त्रज्ञांनी जगातील इंग्रजीची तीन वर्तुळे १९८५ साली मांडली. ज्या देशांत ती परंपरेने मातृभाषा आहे ते आतले वर्तुळ. भारतासारखे, जेथे ती इतिहासाने आली आणि व्यवहारात रुजली ते दुसरे. आणि जेथे ती केवळ परकी भाषा म्हणून शिकतात ते तिसरे. दुसऱ्या वर्तुळातल्या लोकांनी घडवलेली रूपेही इंग्रजीचीच रूपे आहेत, हे त्यांचे म्हणणे. त्या अर्थाने 'बाळकुम इंग्लिश' हे नाव मी आता आनंदाने घेईन. फक्त आघात योग्य जागी ठेवून.

शेवटी एक सूचना. आपल्या इंग्रजी वाङ्मय मंडळाने आठवड्यातून अर्धा तास मोठ्याने वाचनासाठी ठेवावा. प्रत्येकाने एक उतारा वाचावा. ऐकणाऱ्याला एखादा शब्द कळला नाही तर त्याने तो शब्द वहीत लिहावा, आघात कोठे हवा त्यावर खूण करावी आणि वही वाचणाऱ्याच्या हाती द्यावी. हसायला हरकत नाही, पण जो हसेल त्याने पुढचा उतारा वाचावा. पहिला उतारा वाचायला मी तयार आहे.