पुळणीचा जमाखर्च

गेल्या वर्षी भूगोलाच्या प्रात्यक्षिकाच्या तासाला आमच्या सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. ज्याला जी चिठ्ठी येईल त्याने त्या ठिकाणी जाण्याची योजना नकाशासह वहीत तयार करायची, असे ठरले. कुणाला हिमालयातली खिंड आली, कुणाला थरचे वाळवंट. माझ्या चिठ्ठीवर लिहिले होते : ‘भूमध्य समुद्राचा एखादा स्वच्छ, वाळूचा किनारा.’ वर्गात हशा पिकला, आणि खरे सांगायचे तर मीही हसले. माझे गाव वाशिष्ठीच्या खाडीकाठी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि मुंबईच्या पलीकडे अजून गेलेली नाही. मी सरांना म्हटले, “सर, मी कुठली तिथे जाते!” सर म्हणाले, “जायचेच नाही असे धरून योजना केलीस तर ती खोटी होईल. परवा निघायचे आहे असे समजून कर.”

त्या वहीच्या निमित्ताने जे वाचले आणि जे मनात आले, ते माझ्या मित्रमैत्रिणींपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

समुद्राची ओळख

कुठेही जाण्याआधी त्या ठिकाणाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. भूमध्य समुद्र हा जवळजवळ बंदिस्त समुद्र आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 25 लाख चौरस किलोमीटर, पण महासागराशी त्याची गाठ पडते ती जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून, आणि ती सर्वांत अरुंद जागी केवळ 14 किलोमीटरच्या आसपास रुंद आहे. या समुद्रातून वाफ होऊन जाणारे पाणी पावसाने व नद्यांनी येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त. ही तूट अटलांटिकचे पाणी आत येऊन भरून काढते. त्यामुळे भूमध्याचे पाणी महासागरापेक्षा अधिक खारट आहे.

आपल्याला, विशेषतः कोकणातल्या माणसाला, सर्वांत नवल वाटेल ते तेथील भरती-ओहोटीचे. मुंबईला उधाणाच्या वेळी पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते. भूमध्याच्या बहुतेक किनाऱ्यांवर हा फरक वीतभर, फार तर हातभर असतो. माझ्या आजीचा सगळा दिवस भरतीच्या वेळेवर बेतलेला असे. भरतीची वेळ न विचारता जगणारी किनाऱ्यावरची माणसे असतील, हे मला वाचूनही क्षणभर खरे वाटेना. पण याचा परिणाम पुळणीवर होतो. आपल्याकडे ओहोटीला रुंद ओली पुळण उघडी पडते. तिकडे पुळण अरुंद असते आणि जेवढी दिसते तेवढीच असते.

स्वच्छ म्हणजे काय?

माझी पहिली अडचण ‘स्वच्छ’ या शब्दाशी झाली. निळे, तळ दिसणारे पाणी म्हणजे स्वच्छ, असे मी धरून चालले होते. भूमध्याचे पाणी निळे व नितळ दिसते याचे एक मोठे कारण असे, की त्यात पोषक द्रव्ये कमी, म्हणून सूक्ष्म वनस्पतीही कमी. आपल्या खाडीचे पाणी गढूळ दिसते, पण त्या गाळातच माशांचे अन्न असते. म्हणजे नितळ ते स्वच्छ आणि गढूळ ते घाण, हा हिशेब सरळ नाही.

खरी अस्वच्छता डोळ्यांना दिसत नाही. युरोपीय संघाच्या देशांत आंघोळीच्या किनाऱ्यांवरील पाण्याचे नमुने हंगामात वेळोवेळी तपासतात, मैलापाण्यातून येणारे जंतू मोजतात, आणि त्यावरून किनाऱ्याला उत्कृष्ट, चांगला, पुरेसा किंवा वाईट अशी प्रत देतात. ‘निळा ध्वज’ ही खूणही पुष्कळांना ठाऊक असेल. तिची सुरुवात 1985 साली फ्रान्समध्ये झाली. आपल्या देशात 2020 साली प्रथम आठ किनाऱ्यांना हा ध्वज मिळाला. त्यांत गुजरातचा शिवराजपूर, केरळचा कप्पड, ओडिशातील पुरीचा किनारा होता. महाराष्ट्रातील एकही नव्हता. तेव्हा योजनेचा पहिला नियम असा : किनारा चित्र पाहून निवडू नये, पाण्याची प्रत पाहून निवडावा.

आता दुसरी गंमत. भूमध्याच्या तळाशी पोसिडोनिया नावाचे गवत वाढते. हे शेवाळ नव्हे. त्याला मुळे, पाने, फुले असतात. त्याची वाळलेली तपकिरी पाने हिवाळ्यात वाहून किनाऱ्यावर येतात आणि त्यांचे ढीग साचतात. कधी कधी ते पुरुषभर उंच होतात. पर्यटक नाक मुरडतात. म्हणून पुष्कळ ठिकाणी यंत्रे लावून हे ढीग उचलले गेले. पण हिवाळ्यातील वादळी लाटांचा मार पुळणीवर न बसता या ढिगांवर बसतो. ते काढले की लाटा सरळ वाळूवर येतात, शिवाय ढिगाबरोबर वाळूही उचलली जाते. म्हणजे किनारा चकचकीत करता करता तो झिजवला जातो. ज्या पुळणीवर तपकिरी पाने पडली आहेत ती कदाचित अधिक निरोगी असेल. हे वाचल्यावर मी चित्रातले अर्धे किनारे यादीतून काढून टाकले.

ठिकाण, मार्ग आणि हंगाम

शेवटी मी इटलीच्या सार्डिनिया बेटावरील ‘ला पेलोसा’ ही पुळण निवडली. सार्डिनिया हे भूमध्यातील सिसिलीखालोखाल मोठे बेट. त्याच्या वायव्य टोकाला स्तिन्तीनो नावाचे गाव आहे आणि गावापासून चार-पाच किलोमीटरवर ही लहानशी पांढरी पुळण. समोर सोळाव्या शतकातील दगडी बुरूज, त्यापलीकडे आसिनारा बेट.

स्तिन्तीनो गावाचा इतिहास वाचून मी थबकले. 1885 साली इटलीच्या सरकारने आसिनारा बेटावर कैद्यांची वसाहत आणि रोग्यांना वेगळे ठेवण्याचे ठाणे करण्याचे ठरवले. तेथे राहणाऱ्या कोळ्यांना व धनगरांना बेट सोडावे लागले, आणि त्यांतील 45 कुटुंबांनी समोरच्या किनाऱ्यावर येऊन हे गाव वसवले. आपण ज्याला सहलीचे ठिकाण म्हणतो ते कुणाचे तरी उठवलेल्या माणसांचे गाव असते, हे नकाशात लिहिलेले नसते.

मार्ग मी असा आखला : विमानाने मिलान, तेथून आगगाडीने दीडशे किलोमीटरवरील जिनोआ बंदर, जिनोआहून रात्रीच्या बोटीने सार्डिनियातील पोर्तो तोरेस, तेथून तीसेक किलोमीटर बसने स्तिन्तीनो. आधी पासपोर्ट हवा. त्याचे साधे शुल्क 1500 रुपये. मग शेंगेन व्हिसा : त्यावर कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत राहता येते. 2024 सालापासून प्रौढांसाठी त्याचे शुल्क 90 युरो आहे, आणि निदान 30,000 युरोचा प्रवास-विमा काढावा लागतो. अर्ज निदान 15 दिवस आधी करावा लागतो. सहा महिने आधीपासून करता येतो. खर्च झेपेल असा बँकेचा पुरावाही लागतो. माझ्या पासबुकात शिष्यवृत्तीचा एक हप्ता आहे. तो मी प्रामाणिकपणे वहीत लिहिला.

हंगामाचे गणित मात्र भूगोलाच्या विद्यार्थ्याला आनंद देणारे आहे. आपला पाऊस उन्हाळ्यानंतर धो धो येतो. भूमध्य प्रदेशात उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. उन्हाळ्यात उपोष्ण कटिबंधातील जास्त दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकतो आणि ढगांना वाव राहत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे गर्दी फार. पाणी जमिनीपेक्षा सावकाश तापते व सावकाश निवते, म्हणून मे महिन्यात ऊन छान असले तरी समुद्र थंड असतो, आणि सप्टेंबरमध्ये गर्दी ओसरली तरी पाणी कोमट राहते. सप्टेंबर सर्वांत चांगला. पण तेव्हा आपले कॉलेज चालू असते, म्हणून मी वहीत ‘जूनचा पहिला आठवडा’ लिहिले.

वाळूचा प्रश्न

योजना येथे संपायला हवी होती. पण ला पेलोसाचे नियम वाचले आणि माझ्या वहीची दिशाच बदलली.

2020 च्या उन्हाळ्यापासून या पुळणीवर हंगामात दिवसाला फक्त 1500 माणसांना जाता येते. जागा आधी राखून ठेवावी लागते आणि माणशी साडेतीन युरो भरावे लागतात. टॉवेल सरळ वाळूवर पसरायला बंदी. खाली चटई हवी, कारण ओल्या टॉवेलला वाळू चिकटून जाते. शिवाय सबंध सार्डिनियात 2017 च्या कायद्याने किनाऱ्यावरील वाळू, खडे, शिंपले नेणे हा गुन्हा आहे. दंड 500 ते 3000 युरो. 2019 साली एका फ्रेंच जोडप्याच्या मोटारीत बाटल्यांत भरलेली 40 किलो वाळू सापडली, तेव्हा जगभर तिची बातमी झाली.

हे नियम मी रात्री घरी बाबांना वाचून दाखवले. बाबांना का, ते सांगायला हवे. माझे बाबा खाडीत रेती काढतात. पुस्तकात जिला वाळू म्हणतात तिला आमच्याकडे रेती म्हणतात. होडीतून पाण्यात उतरायचे, बांबूच्या आधाराने तळ गाठायचा, बादली भरायची आणि दम संपण्याआधी वर यायचे. या पद्धतीला डुबी म्हणतात. पावसाळ्यात काम बंद. माझी अकरावीपासूनची फी, एस.टी.चा पास, ही वहीसुद्धा, या रेतीतूनच आली.

मी बाबांना हिशेब करून दाखवला. समजा एका माणसाच्या टॉवेलला पन्नास ग्रॅम वाळू चिकटली, तर 1500 माणसांमागे दिवसाला 75 किलो, आणि शंभर दिवसांच्या हंगामात साडेसात टन. बाबांनी मनात गणित केले आणि म्हणाले, “म्हणजे दोन ब्रासपण नाय. एवढ्या रेतीसाठी एवढा बंदोबस्त?”

मी म्हटले, “बाबा, तिथे जवळ मोठी नदी नाही. गेलेली रेती परत आणून टाकणारे कोणी नाही.” मग मी त्यांना नाईल नदीची गोष्ट सांगितली. 1970 साली आस्वानचे मोठे धरण पुरे झाले आणि नाईलचा गाळ धरणामागे अडू लागला. भूमध्याला मिळणारी माती-वाळू तुटली आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा समुद्र खाऊ लागला. पुळण म्हणजे चालू खाते आहे. नदी, शिंपले, झिजणारे खडक हे जमेच्या बाजूला; लाटा, वारा आणि माणूस हे खर्चाच्या बाजूला. जमा थांबली की पन्नास ग्रॅमचाही हिशेब ठेवावा लागतो.

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाय, मी कामाला लागलो तेव्हा एका डुबीत बादली भरायची. आता दोन-दोन, तीन-तीन डुब्या माराव्या लागतात. आमाला कोणी पुस्तक वाचून सांगायला नको.” आणि थोड्या वेळाने, “पण मी सोडली तर दुसरा काढील. आणि तुझी फी?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते आणि आजही नाही. ज्यांनी किनाऱ्यावर इमले बांधले त्यांच्या भिंतींत किती ब्रास रेती गेली, हे न विचारता केवळ पाण्यात बुडी मारणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. ते मी करणार नाही. पण माझे शिक्षण खर्चाच्या बाजूला लिहिलेले आहे, हे विसरणेही मला जमणार नाही.

समारोप

वहीच्या शेवटी ‘बरोबर न्यायच्या वस्तू’ अशी यादी द्यायची होती. मी लिहिले : पासपोर्ट, व्हिसा, विमापत्र, राखलेल्या जागेची पावती, पाण्याची बाटली, उन्हासाठी टोपी, आणि एक चटई. तिच्याखाली आणखी एक यादी केली, जी सरांनी मागितली नव्हती : ‘परत आणायच्या वस्तू’. तिच्यात ‘काही नाही’ असे लिहिले, आणि निघताना पाय व चटई पुळणीवरच झाडून यावे, अशी टीप दिली.

सरांनी वहीवर सही केली आणि विचारले, “याच पद्धतीने आपल्या खाडीची वही करशील का? जमा किती, खर्च किती?” मी हो म्हटले आहे. या वर्षी पावसाळा संपल्यावर, होड्या पुन्हा पाण्यात उतरतील तेव्हा, एका पूर्ण महिन्याच्या डुब्या मोजायच्या असे बाबांचे आणि माझे ठरले आहे. मोजणार बाबा, लिहिणार मी. भूमध्य समुद्र राहील तिथेच. आधी घरचा हिशेब.