परदेशातून आलेले पार्सल आणि कस्टमचा हिशेब



आजकाल मोबाईलवरून परदेशातली वस्तू सहज मागवता येते. पण ती सरळ आपल्या दारात येत नाही. वाटेत तिला कस्टम, म्हणजेच सीमाशुल्क विभागातून जावं लागतं. तिथे काय होतं ते आज समजून घेऊया. आपली शेकडेवारी इथे कामाला येणार आहे बरं का!

सीमाशुल्क म्हणजे काय?

दुसऱ्या देशातून आलेल्या मालावर जो कर लागतो, ते सीमाशुल्क. आपल्याकडे हे काम सीमाशुल्क अधिनियम, १९६२ नुसार चालतं. यातून सरकारला महसूल मिळतो, देशातल्या उद्योगांना आधार मिळतो आणि बंदी असलेल्या वस्तू रोखता येतात.

माल कसा सुटतो?

जहाजाने येणारे कंटेनर रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा बंदरात उतरतात. हे बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. व्यापाऱ्याला आयात-निर्यात कोड घ्यावा लागतो आणि 'बिल ऑफ एन्ट्री' भरावं लागतं. आपण कुरिअरने एखादी वस्तू मागवली, तर कुरिअर कंपनी आपल्या वतीने कागदपत्रं भरते. त्यासाठी ती आपलं ओळखपत्र मागते. टपालाने आलेलं पार्सल विदेश डाकघरात तपासलं जातं. प्रत्येक वस्तूला ८ अंकी क्रमांक असतो, त्यावरून कराचा दर ठरतो.

चला, हिशेब करूया

वस्तूची किंमत ८,५०० रु., वाहतूक १,४०० रु. आणि विमा १०० रु. म्हणजे करासाठीचं मूल्य १०,००० रु. दर वस्तूनुसार बदलतात. आपण उदाहरणासाठी हे धरू.

• मूळ सीमाशुल्क १०% = १,००० रु.
• समाजकल्याण अधिभार, शुल्काच्या १०% = १०० रु.
• आयजीएसटी १८%, पण ११,१०० रुपयांवर = १,९९८ रु.
• एकूण कर = ३,०९८ रु.

बरीच मुलं १०, १ आणि १८ मिळवून २९%, म्हणजे २,९०० रु. असं उत्तर काढतात. १९८ रुपये कुठे गेले? आयजीएसटी शुल्क आणि अधिभार धरून आकारला जातो, हे विसरलं की उत्तर चुकतं.

'गिफ्ट' लिहिलं तर?

पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूला सूट होती. डिसेंबर २०१९ मध्ये ती काढून टाकली. राखीला मात्र सूट राहिली.

पालकहो, इथे सावध!

"तुमच्या नावाने परदेशातून महागडी भेट आली आहे, कस्टममध्ये अडकली आहे, लगेच पैसे भरा" असे फोन येतात. घाबरू नका. आधी स्वतःला विचारा, मी काही मागवलं होतं का? कस्टम अधिकारी कोणाच्याही खासगी खात्यात पैसे भरायला सांगत नाहीत. विभागाच्या पत्रावर डीआयएन हा क्रमांक असतो. तो खरा आहे का, हे विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतं. खरा कर असेल तर त्याचा असा मांडलेला हिशेब आणि पावती मिळते. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

हिशेब कळला की भीती जाते. म्हणून हे गणित घरातल्या आजी-आजोबांनाही समजावून सांगा.

स्वाध्याय

१) मूल्य २०,००० रु. असेल, तर वरील दरांनी एकूण कर किती?
२) आयजीएसटी ५% असता, तर १०,००० रुपयांच्या वस्तूवर किती कर लागला असता?

उत्तरं वहीत सोडवा.