दुर्बिणीची कसोटी

(अवकाशात पाठवायच्या यंत्रांची पृथ्वीवरच कठोर तपासणी करावी लागते. ‘जेम्स वेब’ या अवकाश दुर्बिणीची अशी तपासणी कशी झाली, ते या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थ्यांनो, ‘दुर्बीण’ हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूतही आपण ‘दूरबीन’च म्हणतो. दूरचे पाहते ती दूरबीन! पण आकाशात सोडलेली दुर्बीणच बिघडली, तर काय करायचे?

असे एकदा घडले आहे. एप्रिल १९९० मध्ये अमेरिकेने ‘हबल’ नावाची दुर्बीण अवकाशात सोडली. तिने पाठवलेली पहिली छायाचित्रे अंधुक निघाली. शोध घेतला, तेव्हा कळले की तिच्या मोठ्या आरशाचा आकार कडेला किंचित चुकला आहे. किती? माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतका! आरसा तपासण्याचे मुख्य उपकरणच चुकीचे जोडले गेले होते. दुसऱ्या एका उपकरणाने ही चूक दाखवलीही होती, पण कोणी तिकडे लक्ष दिले नाही.

हबल पृथ्वीपासून सुमारे ६०० किलोमीटर उंचीवर होती. म्हणून डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीर तेथे गेले आणि त्यांनी ती दुरुस्त केली. परंतु ‘वेब’ दुर्बिणीचे ठिकाण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर दूर ठरले होते. चंद्राच्याही सुमारे चौपट लांब! तेथे दुरुस्तीसाठी कोण जाणार? म्हणून जी चूक शोधायची, ती जमिनीवरच शोधायची होती.

पहिली कसोटी हादऱ्यांची. अग्निबाण उडताना प्रचंड आवाज होतो आणि आतली प्रत्येक वस्तू थरथरते. तुम्ही एस. टी. ने प्रवास केला असेल. गाडी एका ठरावीक वेगाने धावू लागली, की खिडकीची काच खडखडू लागते. वेग बदलला, की आवाज थांबतो. प्रत्येक वस्तू अशी कोणत्यातरी ठरावीक कंपनाला जास्त हलते. म्हणून दुर्बिणीला एकाच प्रकारे हलवून भागत नाही. मेरीलँड राज्यातील गोडार्ड केंद्रात तिला मोठ्या कंपन-यंत्रावर ठेवले. हादरे सेकंदाला ५ पासून १०० पर्यंत, हळूहळू वाढवत नेले.

३ डिसेंबर २०१६ रोजी ही चाचणी चालू असताना दुर्बिणीवरील मापकांनी काहीतरी वेगळे नोंदवले. यंत्र आपोआप बंद पडले. दुर्बिणीला डोळ्यांनी दिसेल अशी काहीच इजा नव्हती. ‘किरकोळ असेल,’ असे म्हणून पुढे जाता आले असते. पण हबलचा धडा कोणी विसरले नव्हते. अभियंत्यांनी काम थांबवले आणि कारण शोधले. उड्डाणासाठी आरशाचा एक पंख दुमडून बांधलेला होता. त्याला धरून ठेवणारे भाग अगदी थोडेसे सरकत होते. कारण समजल्यावरच, जानेवारी २०१७ मध्ये, चाचणी पुन्हा सुरू झाली.

दुसरी कसोटी थंडीची. काचेच्या गार पेल्यात एकदम उकळता चहा ओतला, तर पेला तडकतो. उष्णतेने वस्तू प्रसरण पावते, थंडीने आकुंचन पावते. वेबच्या आरशाला तर उणे २२० अंश सेल्सिअसच्या आसपास काम करायचे होते! तेवढ्या थंडीत त्याचा आकार बदलणारच. मग अभियंत्यांनी काय केले? आरशाचे १८ तुकडे आधी थंड करून त्यांचा आकार किती बदलतो, ते मोजले. नंतर त्या हिशेबाने ते पुन्हा घासले. म्हणजे खोलीत आकार थोडा ‘चुकलेला’ आणि थंडीत अगदी बरोबर!

पुढे सर्व तुकडे जोडलेली दुर्बीण ह्यूस्टन शहरातील एका प्रचंड दालनात ठेवली. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांसाठी ते पूर्वी बांधलेले होते. जुलै २०१७ मध्ये त्याचे दार बंद झाले. आतली हवा काढून टाकली. द्रवरूप नायट्रोजन आणि थंड हेलियम वायू यांच्या साहाय्याने दालन गार केले. ही चाचणी सुमारे शंभर दिवस चालली. मध्येच, ऑगस्टमध्ये, ‘हार्वे’ चक्रीवादळ आले. ह्यूस्टनमध्ये महापूर आला, रस्ते पाण्याखाली गेले. पण दुर्बीण मध्येच सोडता येत नव्हती. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत माणसे आळीपाळीने पहारा देत होती. चाचणी थांबली नाही.

तरी कसोटी संपली नव्हती. वेबला उन्हापासून वाचवण्यासाठी केसासारख्या पातळ पाच थरांचा पडदा होता. तो टेनिसच्या मैदानाएवढा. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात मोठ्या आवाजाच्या चाचणीनंतर या पडद्याच्या आवरणाचे काही स्क्रू आणि वॉशर गळून पडलेले आढळले. केवढी नामुष्की! पण हेच स्क्रू अवकाशात निसटले असते तर? दुरुस्ती झाली आणि २०२० मध्ये पूर्ण जोडलेल्या यंत्राला पुन्हा हादऱ्यांतून जावे लागले.

अखेर २५ डिसेंबर २०२१ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानामधून वेबने झेप घेतली. घडी घातलेला पडदा उलगडला, आरसा उघडला. १२ जुलै २०२२ रोजी तिची पहिली रंगीत छायाचित्रे जगाने पाहिली. ती स्वच्छ आणि स्पष्ट होती.

मुलांनो, तपासणीत सापडलेली चूक म्हणजे अपयश नव्हे. लपवलेली चूक मात्र पुढे महाग पडते. सराव परीक्षेच्या वहीत लाल शाईची खूण दिसली, तर ही दुर्बीण आठवा.

शब्दार्थ
कसोटी – परीक्षा, पारख
अंधुक – अस्पष्ट
कंपन – थरथर
आकुंचन पावणे – आकाराने लहान होणे
प्रसरण पावणे – आकाराने मोठे होणे
आळीपाळीने – एकामागून एक, पाळी लावून
नामुष्की – बदनामी, मानहानी

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हबल दुर्बिणीची पहिली छायाचित्रे अंधुक का आली?
(आ) वेब दुर्बिणीच्या आरशाचे किती तुकडे आहेत?
२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) दुर्बिणीला वेगवेगळ्या प्रकारे हादरे का दिले?
(आ) आरसा खोलीत थोडा ‘चुकलेला’ का ठेवला?
३. ‘दुर्बीण’प्रमाणे मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द लिहा.
४. स्वतःची चूक वेळीच सापडल्यामुळे तुमचा फायदा झाला, असा एक प्रसंग पाच ओळींत लिहा.