गिअरबॉक्स उतरवण्याआधी

गिअर टाकताना खर्र असा आवाज आला, की ऐकणारा लगेच सांगून मोकळा होतो, 'गिअरबॉक्स गेला.' देवगडातून आंबा, मासळी नाहीतर चिरे वाहणाऱ्या आम्हा पिकअपवाल्यांनी हे इतक्यांदा ऐकलंय, की पुष्कळांना ते खरंच वाटतं. मग ऐन हंगामात गाडी गॅरेजला लागते, भाडी दुसऱ्याकडे जातात आणि पेट्या भरून ठेवलेला बागायतदार फोनवर फोन करत राहतो. दात घासल्याचा आवाज गिअरबॉक्समधूनच येतो, हे खरं. पण त्याचं कारण बऱ्याचदा गिअरबॉक्सच्या बाहेर, क्लचमध्ये असतं, आणि ते हातात पाना न घेता ओळखता येतं. हे मला पदरचे पैसे जाऊन कळलं. दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून सांगतोय.

मे महिना होता, हापूसचा शेवटचा बहर. देवगड-निपाणी रस्त्याने कोल्हापूरला माल चालला होता. फोंडाघाट चढताना वळणावर तिसऱ्याचा दुसरा टाकला, की दात घासायचे. घाट संपेपर्यंत पहिलाही तसंच करू लागला. कोल्हापुरात माल उतरवायला गाडी मागे घ्यायची, तर रिव्हर्स पडेचना. तिथल्या एका गॅरेजवाल्याने गाडी जागच्या जागी हलवून बघितली आणि सांगितलं, "रिंगा गेल्यात, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." उतरवला. काढलेल्या पितळी रिंगा माझ्या हातात दिल्या. रिंगेच्या आतल्या अंगाला बारीक आटे असतात, ते नखाला चांगले टोचत होते. म्हणजे रिंगा झिजलेल्या नव्हत्याच. हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही आणि बिल मात्र पूर्ण लागलं. येताना घाट उतरून नांदगाव तिठ्यापर्यंत आलो आणि तोच आवाज परत सुरू झाला.

जामसंड्याच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी गाडीखाली न जाता निदान केलं. ते ड्रायव्हरच्या सीटवरही बसले नाहीत. मला म्हणाले, "इंजिन बंद कर आनि आता सगळे गिअर घालून बघ." सगळे गिअर लोण्यासारखे पडले. "आता चालू करून घाल." खर्र! "आता क्लच तीन-चार वेळा भराभर मार आनि मग घाल." गिअर गुपचूप पडला. "गिअरबॉक्सात काय नाय, तुझो क्लच सुटना नाय," एवढं बोलून त्यांनी पेडलमागचं मॅट उचललं. पेडलच्या दांड्यावरून तेलाचा ओघळ खाली आला होता. वरच्या मास्टर सिलिंडरचं रबर गेलं होतं. किट बदललं, हवा काढली आणि गाडी त्याच संध्याकाळी पाडेलला आंबा भरायला गेली.

त्या तीन गोष्टींत सगळं निदान कसं सामावतं, हे समजून घेतलं तर पुन्हा कुणी फसवू शकत नाही. आपण क्लच दाबतो तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे होतात. तरी गिअरबॉक्समधला शाफ्ट आपल्या वेगाने थोडा वेळ फिरत राहतो. आपण दांडा ढकलला, की पितळी रिंग गिअरच्या उतरत्या कडेवर दाबली जाते, घासून त्याचा वेग जुळवते आणि मगच स्लीव्ह पुढे सरकून दातांत बसते. सिंक्रोमेश म्हणतात ते हेच. अमेरिकेत कॅडिलॅक गाड्यांत ते १९२८ साली आलं. आपल्याकडच्या ट्रकांना आणि एसटीच्या गाड्यांना ते यायला पुढे बराच काळ गेला, म्हणून जुने ड्रायव्हर डबल क्लच मारूनच घाट चढायचे. रिंगेचं काम फक्त मोकळ्या फिरणाऱ्या शाफ्टला आवरणं. क्लच पुरता सुटला नाही, तर तिला चालू इंजिनाशी झोंबावं लागतं. ते तिच्याने होत नाही आणि दात दातावर घासतात. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू असताना सगळेच अडतात, तेव्हा दोष क्लचकडे, हे त्यामुळेच. पेडल पंप केल्यावर सुधारलं, तर हायड्रॉलिकमध्ये गळती किंवा हवा. पंप करूनही फरक पडला नाही, तर क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग किंवा पेडलची सेटिंग बघायची.

याउलट एकच गिअर घासतो, बाकीचे नीट पडतात, तर मात्र त्या गिअरची रिंग झिजल्याचा संशय घ्यायला जागा आहे. बहुधा दुसरा किंवा तिसरा, कारण घाटात सगळा मार त्यांच्यावरच पडतो. खात्री करायला डबल क्लच मारून बघा. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा दाबून खालचा गिअर. असं केल्यावर तो गिअर आवाज न करता पडला, तर रिंगच गेली. गाडी घरापर्यंत आणायलाही हीच युक्ती उपयोगी पडते. गिअर पडतो पण ओढ लागली की उडतो, हे दुखणं वेगळं. तिथे स्लीव्हचे दात, फोर्क किंवा दांड्याची स्प्रिंग बघावी लागते आणि ती गाडी घाटात न्यायचीच नाही.

रिव्हर्सबद्दल एक सांगून ठेवतो. पुष्कळ पिकअपना रिव्हर्सला ही पितळी रिंग नसते. गाडी पुरती थांबल्यावर, क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबून मग टाकायचा. घाईत टाकल्यावर आवाज आला, तर तो दोष नव्हे. पण थांबूनही खर्र वाजला, तर क्लच सुटत नाही याची ती सर्वांत स्वस्त परीक्षा आहे. मी रोज सकाळी माल भरायच्या आधी ती करतो.

आपल्या किनाऱ्यावर क्लचची दुखणी जास्त का, याला कारणं आहेत. देवगड बंदरातून मासळी भरणाऱ्या गाड्यांचं हौद्यातलं बर्फाचं खारं पाणी चॅसीवर ठिबकत असतं. खालच्या स्लेव्ह सिलिंडरचं रबरी बूट त्याने कुजतं, पाइप गंजतो आणि हवा काढायचं निपल इतकं आवळतं, की पाना लावला की तुटतं. अशा गाडीचं पोट रोज गोड्या पाण्याने धुवायला हवं आणि निपलवर रबरी टोपी हवीच. क्लचमध्ये ब्रेकचंच तेल असतं आणि ते हवेतलं पाणी शोषतं. दमट हवेत हे पाणी वाढत जातं, आतून गंज धरतो आणि घाटात तापल्यावर पेडल मऊ पडतं. ते तेल काळपट व्हायची वाट न बघता दोन वर्षांतून एकदा बदलावं. डबीत कमी झालं म्हणून इंजिन ऑइल ओतणारेही मी बघितलेत. त्याने सगळी रबरं फुगतात आणि क्लचबरोबर ब्रेकही धोक्यात येतो. हे कधीही करू नका.

दुसरं दुखणं खास आंब्याच्या गाड्यांचं. हंगाम संपला, की गाडी मांगराला लावून थेट दिवाळीनंतर काढतात. पावसाळ्याच्या ओलीने क्लचप्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते. पेडल नेहमीसारखं लागतं, गळती कुठेच नसते, पण चालू इंजिनावर एकही गिअर पडत नाही. गाडी धडधाकट उभी केली होती, म्हणून मालक चक्रावतो आणि गिअरबॉक्स खोलायला निघतो. ट्रॅक्टर फार दिवस उभा ठेवताना पेडल दाबून लाकडाने अडकवून ठेवतात, ते याच भीतीने. पिकअपला त्याहून बरं म्हणजे आठवड्यातून एकदा ती चालू करून जरा फिरवावी, क्लच मारावा. चिकटलीच, तर गिअरमध्ये स्टार्टर मारून झटका द्यायचा प्रयोग घराच्या अंगणात करू नका. गाडी सुटली तर समोरचा माणूस चिरडेल. मेस्त्रीला बोलवा.

क्लच निर्दोष ठरल्यावरच गिअरबॉक्सकडे वळायचं, तेही आधी तेलाकडे. सपाट जागेवर गाडी लावा आणि भरायचा बोल्ट आधी सोडवा, खालचा नंतर. खालून तेल गेलं आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, की गाडी तिथेच अडकली. तेल भोकाच्या खालच्या काठापर्यंत हवं, करंगळी घालून कळतं. काढलेलं तेल पांढऱ्या ताटलीत उन्हात धरा. सोनेरी चकाकी दिसली तर पितळी रिंगा झिजतायत. चुंबकाला राखेसारखा मऊ लेप नेहमीचाच, पण टोचणारे पोलादी तुकडे असले तर दात किंवा बेअरिंग फुटलंय. तेल दुधाळ चहासारखं असेल तर पाणी शिरलंय. पावसात भरल्या पऱ्ह्यातून गाडी घातली असेल तर आठवून बघा. तेल कुठलं हे गाडीच्या पुस्तकात बघूनच घ्या. बऱ्याच गिअरबॉक्सना जीएल-४ लागतं आणि दुकानात डिफरन्शियलचं जीएल-५ पुढे सरकवतात. त्यातली काही द्रव्यं पितळेला मानवत नाहीत.

एवढं बघूनही रिंगच दोषी निघाली, तर गिअरबॉक्स उतरवायला हरकत नाही. पण समोर उभं राहून उतरवून घ्या आणि नवी रिंग बसवण्याआधी जुनी गिअरवर दाबून दोघांमधली फट मोजायला सांगा. पुस्तकात दिलेल्या मापापेक्षा फट कमी भरली, तरच ती झिजलेली. स्लीव्हच्या दातांची टोकं बोथट झाली असतील तर नुसती रिंग बदलून भागत नाही, थोड्याच दिवसांत नवीही खाल्ली जाते. आणि गिअरबॉक्स खाली आलाच आहे, तर क्लचप्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधलं छोटं पायलट बेअरिंग त्याच वेळी तपासून घ्या. उतरवण्या-चढवण्याची मजुरी तेवढीच लागते आणि पुढच्या हंगामात त्याच कामासाठी गाडी पुन्हा उभी राहत नाही.