जिम्नीचे शॉकअप घरी बदलताना खर्च किती धरायचा?

गाडी उंच करणाऱ्या दोन इंचांच्या लिफ्ट किटची किंमत कळली म्हणजे खर्च कळला, असं समजू नका. पाच दारांच्या मारुती जिम्नीचा हिशेब इथे मांडतो, कारण ही गाडी घरी काम करण्याजोगी आहे. पुढे-मागे अखंड ॲक्सल, त्यावर कॉइल स्प्रिंग आणि शॉकअप स्प्रिंगपासून वेगळे. शॉकअप सोडवून ॲक्सल हळूहळू खाली उतरवला की स्प्रिंग सैल होऊन हातात येते. २०२० नंतरच्या थारचं काम मात्र गॅरेजलाच द्या. तिच्या पुढच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बसवलेले असतात, आणि दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.

आधी उंची खरंच हवी का ते ठरवा. जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी आहे. लिफ्टने बॉडी वर जाते, पण ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. तो वर घ्यायला मोठे टायरच लागतात. गाडीचं नाक आणि पोट दगडाला लागत असेल तर लिफ्टचा उपयोग आहे. घाटातल्या खडबडीत रस्त्यावर गाडी उसळते, एवढीच तक्रार असेल तर मूळ उंचीचे चांगले शॉकअप पुरे. बहुतेकांनी इथेच थांबावं, असं माझं मत आहे.

ढोबळ आकडे असे. मूळ उंचीचे चार चांगले गॅस शॉकअप तीस ते साठ हजारांत येतील. स्प्रिंगसह आयात केलेलं दोन इंचांचं किट सत्तर हजारांपासून सव्वा लाखाच्या पुढेही जातं. घेताना ते पाच दारांच्या गाडीसाठीच आहे ना, हे लेखी विचारा. परदेशातली तीन दारांची जिम्नी वजनाला हलकी आहे आणि तिचा व्हीलबेस ३४० मिमीने कमी आहे. तिच्या स्प्रिंगवर आपली गाडी भरल्यावर मागून बसेल.

लिफ्टचा पुढचा खर्च किटच्या खोक्यावर लिहिलेला नसतो. बॉडी वर गेली की पुढच्या ॲक्सलचा कॅस्टर कोन कमी होतो आणि हायवेवर स्टिअरिंग भिरभिरतं, त्यासाठी कॅस्टर बुश लागतात. लॅटरल रॉड तिरका झाल्याने ॲक्सल एका बाजूला सरकतो, म्हणून लांबी बदलता येणारा रॉड लागतो. ब्रेकचे होज आणि एबीएसच्या वायरी ताणतात, त्यांनाही ब्रॅकेट लागतात. या सगळ्याला आणखी वीस-तीस हजार बाजूला ठेवा.

कायद्याची बाजूही पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत, असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला आधी लेखी विचारा. न कळवलेल्या बदलावर क्लेम अडला तर वाचवलेली मजुरी कुठल्या कुठे जाते.

मजुरीचं म्हणाल तर गॅरेज साधारण आठ ते पंधरा हजार घेतं. घरी काम करायचं तर तीन टनी ट्रॉली जॅक, चार घोड्या (जॅक स्टँड), टॉर्क पाना आणि सॉकेट सेट यांना मिळून पंधरा-वीस हजार लागतात. म्हणजे पहिल्या वेळी बचत नाहीच. हत्यारं मित्राकडे असतील किंवा पुढेही वापरणार असाल, तरच गणित जुळतं. घोड्यांच्या पैशांत मात्र काटकसर करू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीही, शिरू नका. जमीन सपाट आणि सिमेंटची हवी, जमिनीवर राहिलेल्या चाकांना ठोकळे हवेत आणि सोबत दुसरा माणूस हवाच.

कोकणात फिरलेल्या गाडीचे बोल्ट गंजलेले असतात. आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. ॲक्सल उतरवताना ब्रेक होजवर ताण येतोय का, हे दुसऱ्या माणसाने पाहत राहायचं. नवे बोल्ट आधी हातानेच लावा. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे कसायचे ते गाडी चाकांवर उभी करून, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर. गाडी हवेत असताना कसले तर बुश पीळ पडलेल्या स्थितीत अडकतो आणि लवकर फाटतो. घरच्या कामात नेमकं हेच सर्रास राहून जातं.

त्यानंतर अलाइनमेंटला हजारभर रुपये धरा आणि हेडलाइटचा झोत खाली घ्या, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतील. पाचशे किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. काढलेल्या स्प्रिंग आणि शॉकअपवर पुढचं-मागचं, डावं-उजवं लिहून ते जपून ठेवा. गाडी विकताना किंवा मूळ स्थितीत आणायची वेळ आली, तर तेच कामी येतील.