बेअरिंग कशाने गेलं?

मित्रांनो, आपल्या रेसिंग टीमची गाडी तुम्ही वर्कशॉपच्या मागे उभी असलेली पाहिली असेल. (ती नेहमी उभीच असते, असं होस्टेलवर म्हणतात, तेही आमच्या कानावर आलंय!) या गाडीचं इंजिन या वर्षी आम्ही दोनदा उघडलं. पहिल्यांदा चुकीच्या पद्धतीने, दुसऱ्यांदा बरोबर. त्यातून जे शिकलो ते पुढच्या बॅचला उपयोगी पडावं, म्हणून हा लेख.

फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेली गाडी उतरवायची असते. अमेरिकेत 1981 साली टेक्सास विद्यापीठात याची सुरुवात झाली. पेट्रोल इंजिन 710 सीसीपर्यंत चालतं, म्हणून बहुतेक टीम बाईकचं इंजिन बसवतात. आमचं 600 सीसीचं, चार सिलिंडरचं, सेकंडहँड.

टेस्टिंगला इंजिनातून ठकठक आवाज येऊ लागला. उघडून पाहिलं तर तिसऱ्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं. वरचा मऊ थर पार घासला होता. स्पर्धेला सहा आठवडे उरले होते. आम्ही घाईघाईने नवीन बेअरिंग टाकलं, बोल्ट आवळले आणि इंजिन बंद केलं. दोन दिवस गाडी मस्त पळाली. तिसऱ्या दिवशी तोच आवाज, तेच बेअरिंग!

रॉडचे बोल्ट सेकंड इयरच्या एका ज्युनिअरने आवळले होते. मी सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, "तू टॉर्क नीट दिला नाहीस." तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याने वर्कशॉपमध्ये येणंच सोडलं.

वर्कशॉपमधल्या मामांनी ते बेअरिंग हातात घेऊन पाहिलं. म्हणाले, "अरे बाळा, हे तेलावाचून मेलंय. तेल का नाही पोचलं, ते बघितलंस का?"

आम्ही पाहिलं. ऑइलची पातळी बरोबर, पंप चांगला, जाळी स्वच्छ. मग ड्रायव्हरला आठवलं, की लांब वळणावर ऑइलचा दिवा क्षणभर लागायचा. सरळ रस्त्यावर कधीच नाही. तिथेच उत्तर होतं!

बाईक वळताना झुकते. त्यामुळे गुरुत्वाकर्षण आणि वळणाचा जोर मिळून तेल संपच्या तळाशीच दाबलं जातं. गाडी मात्र झुकत नाही. स्पर्धेत स्किडपॅड नावाची चाचणी असते. तिच्या वर्तुळाची मधली त्रिज्या साधारण 9.1 मीटर. एक फेरी 6 सेकंदांत मारली तर वेग सेकंदाला 9.5 मीटर आणि प्रवेग सुमारे 10, म्हणजे जवळजवळ 1 जी. अशा वेळी तेलाचा पृष्ठभाग 45 अंशांनी तिरका होतो. तेल एका बाजूला चढतं, पंपाचं तोंड उघडं पडतं आणि पंप हवा ओढतो. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधला तेलाचा पातळ पापुद्रा फाटतो आणि धातूवर धातू घासतो.

खात्री करायला आम्ही संप काढून त्यात तेल भरलं आणि टेबलावर 45 अंश तिरका धरला. पंपाचं तोंड चक्क कोरडं! कितीही अचूक टॉर्क दिला असता तरी ते बेअरिंग गेलंच असतं.

मग इंजिन शांतपणे बांधलं. पंपाच्या तोंडाभोवती पत्र्याच्या भिंती आणि एकाच बाजूने उघडणारी छोटी दारं बसवली, म्हणजे तेल आत येईल पण बाहेर पळणार नाही. क्रँकचे जर्नल मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजले. क्रँकमधली तेलाची भोकं रॉकेल आणि हवेने साफ केली, कारण जुन्या बेअरिंगचा चुरा तिथे लपतो आणि नवीन बेअरिंगही खातो. (पहिल्या वेळी हे केलंच नव्हतं.) रॉडचे बोल्ट नवीन घेतले. प्रत्येक कॅप बसवल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहिला. चालू करण्याआधी प्लग काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारला. शिवाय ड्रायव्हरसमोर ऑइल प्रेशरचा काटा लावला.

बांधणीच्या आदल्या रात्री मी त्या ज्युनिअरच्या रूमवर गेलो. गणिताचा कागद दाखवला आणि सॉरी म्हणालो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर पुन्हा म्हणालो, कारण आरोपही सगळ्यांसमोरच केला होता. या वेळीही बोल्ट त्यानेच आवळले. मी शेजारी उभा राहून आकडे लिहीत होतो.

हा लेख लिहीपर्यंत गाडी टेस्टिंगला सहा तास पळाली आहे. काटा वळणावरही स्थिर आहे. तेव्हा मित्रांनो, मशीन बिघडलं तर आधी "कशाने?" विचारा. "कोणी?" हा प्रश्न नंतरचा. पुष्कळदा तो विचारायची वेळच येत नाही.